कोनाड्यातली मुंबई

आबाजी पाटलांचा मला अजून राग येतो. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचा राग येतो आणि जातो, चार दिवसांनी आपण त्याला विसरून मोकळे होतो. आबाजी भला माणूस होता, आणि भल्या माणसाने डोक्याला ताप दिला तर तो काढायचा कोणावर? या गृहस्थाने आपल्या तीन मुलांना मुंबई दाखवायच्या तयारीत चार वर्षं घालवली. स्वतःची घालवली असती तर माझी काही हरकत नव्हती. माझीही घालवली.

मी तेव्हा अमरावतीच्या मराठी शाळेत मास्तर होतो. मूळचा घाटावरचा, वऱ्हाडात येऊन दोनेक वर्षं झाली होती आणि इथल्या रोखठोक बोलण्याची कानाला नुकती कुठे सवय होत होती. दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई जुंपली होती आणि तिच्या जिवावर आमच्या गल्लीत रेशमी फेटे आले होते. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी रंगीत काचेची झुंबरं टांगली. समोरच्या एकाने भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि किती वाजले हे विचारायला तो रोज माझ्याकडे येई.

आबाजींची जमीन चांदूर बाजाराकडे. कापूस अमरावतीच्या बाजारात आणायचा म्हणून त्यांनी आमच्या गल्लीत, माझ्या भिंतीला लागून घर घेतलं होतं. उंच, जरा पुढे वाकलेले, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आणि बोलायच्या आधी समोरच्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहायची सवय. भाव चढले तेव्हा त्यांनी झुंबर घेतलं नाही की घड्याळ घेतलं नाही. त्यांनी मुलीला शब्द दिला.

मुलगी म्हणजे गोदी. नऊ वर्षांची. आदल्याच साली तिचं लग्न झालं होतं, सासर अकोल्याला. चालीप्रमाणे ती अजून माहेरीच होती. शहाणी झाली की नांदायला जायची. तिच्या पाठचे महादू आणि नामा. एकदा अंगणात कापसाची बोंडं सोलताना गोदीने विचारलं, "बाबा, हा कापूस जाते कोठी?"

"मुंबईले."

"अन् मंग?"

"मंग समुद्रातून पल्याड."

"समुद्र म्हंजे काय?"

आबाजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या बापाने नव्हता, आज्याने नव्हता. ते मुलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दाखवतो. तू सासरी जायच्या आंधी तुमा तिघाईले दाखवतो."

हे मी भिंतीपलीकडून माझ्या कानांनी ऐकलं. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. वऱ्हाडातला एक पाटील मुलीला समुद्र दाखवायला निघतो, ही गोष्ट पत्रात लिहून मी घरी कळवलीसुद्धा.

पुढच्याच आठवड्यात सकाळी सकाळी आबाजी माझ्या दारात उभे. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, दोन्ही हातांत एक पिवळं गाठोडं.

"पंतोजी, हे जरा तुमच्या घरी राऊ द्या. आमी मुंबईले निंगालो."

"निघालात? आबाजी, तुम्ही तर उभे आहात."

"आमी नाई. गाठोडं निंगालं. गाठोडं निंगालं म्हंजे आमी निंगालोच."

प्रस्थान ठेवायची ही चाल आताच्या मुलांना ठाऊक नसेल. प्रवासाला मुहूर्त चांगला सापडला, पण त्या दिवशी निघणं होत नाही, अशी अडचण आली की फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्यांचं एकेक वस्त्र बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी ते गाठोडं नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस मुहूर्तावर निघाला असं धरायचं. मात्र दहा दिवसांच्या आत खरोखर निघायचं आणि जाताना ते स्वतःच्या हाताने, मुकाट्याने उचलून बरोबर घ्यायचं. दहा दिवस टळले की मुहूर्त गेला. गाठोडं परत, जोशी पुन्हा, पंचांग पुन्हा. मुंबई पश्चिमेला, आणि आबाजींच्या घराच्या पश्चिमेला माझं घर. यात माझा अपराध एवढाच.

माझ्या पुस्तकांचा कोनाडा रिकामा करून गाठोडं तिथे बसलं. माझ्या बायकोने त्याच्यापुढे रांगोळी काढली. दहा दिवस त्या कोनाड्याला हात लावायचा नाही, त्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. शाळेची पुस्तकं धान्याच्या कणगीवर गेली आणि त्यांतलं एक उंदरांनी खाल्लं. अकराव्या दिवशी आबाजी आले, गाठोडं घेऊन गेले. गाडीच मिळाली नव्हती म्हणाले.

गाडी मिळणार कशी? कापसाच्या हंगामात वऱ्हाडातल्या झाडून साऱ्या गाड्या कापूस वाहत होत्या. आबाजींच्या स्वतःच्या गाड्यासुद्धा. हंगाम सरला की उन्हाळा. "लेकरं भुजून जातीन," आबाजी म्हणत. उन्हाळा सरला की पाऊस, आणि पावसात आमच्या काळ्या मातीत बैल पोटापर्यंत रुततो. पाऊस सरला की पुन्हा कापूस. वर्षाला बारा महिने असतात आणि मुंबईला जायला त्यांतला एकही चालत नाही, हे मला आबाजींनी शिकवलं. तरी मधूनच जोशी कुठला तरी दिवस काढून देई आणि पिवळं गाठोडं माझ्या कोनाड्यात येऊन बसे. पहिल्या दोन वर्षांत पाच वेळा आलं. मी काही बोललो की ठरलेलं उत्तर: "पयले पक्कं करू, मंग निंगू."

पक्कं करायचं म्हणजे चौकशी करायची. आबाजी कापसाच्या बाजारात जाऊन बसत आणि मुंबईकडून परतलेल्या प्रत्येक गाडीवानाला, दलालाला, बैराग्याला धरून विचारत. संध्याकाळी माझ्याकडे येऊन सगळं लिहून काढायला लावत, कारण त्यांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. एक सांगे, तिथे विहीरच नाही, पाणी भिंतीतून येतं. दुसरा, एक दलाल, सांगे, रस्त्यात लेकरू सुटलं तर ते सापडत नाही. तिसरा, ज्याने भुसावळच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं हे मला ठाऊक होतं, त्याने सांगितलं की समुद्र दिवसातून दोनदा गावावर चालून येतो.

"दोनदा?" आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. "कोनच्या वक्ती? लिवा पंतोजी, वेळ लिवा."

"आबाजी, तो भरती-ओहोटीचं सांगतोय. त्यात भ्यायचं काही नाही."

"तुमी पायला?"

मीही समुद्र पाहिलेला नव्हता. मी मुकाट्याने लिहिलं.

बरोबर न्यायच्या सामानाची यादी वेगळी. ज्वारीचं पीठ, तिखट, कडुलिंबाच्या काड्या, मुलांना निजायला दोन बाजा. वावरातली मूठभर माती, परक्या पाण्यात टाकून प्यायला; तसं केलं की पाणी बाधत नाही म्हणे. त्याखाली आपल्या विहिरीच्या पाण्याच्या दोन घागरी. मी लेखणी ठेवली. म्हटलं, दोन घागरी पाणी मुंबईपर्यंत पुरेल तरी का? आबाजी विचारात पडले. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बरोबर हाये. मंग चार लिवा."

मग दोरीचं प्रकरण झालं. लेकरू सुटलं तर सापडत नाही, हे त्या दलालाचं वाक्य आबाजींच्या मनात घर करून बसलं होतं. त्यांनी गाडीचा नाडा आणला, एक टोक आपल्या कमरेला बांधलं, मग नामा, मग महादू आणि शेवटच्या टोकाला गोदी. गर्दीत चालायची तालीम करायची म्हणून ऐन हंगामात, ऐन बाजाराच्या दिवशी, ही माळ कापसाच्या बाजारात नेली. मला साक्षीला नेलं. गाड्या, बैल, कापसाने ठासलेले पोत्यांचे बोद, आरडाओरडा; माणूस माणसाला दिसत नव्हता. पुढे आबाजी डोकं खाली घालून चाललेले. मधे एक गाडी आडवी आली, नाडा तिच्या जुवाला अडकला, गाडीवानाला पत्ता नाही, त्याने बैल हाकले. आबाजी फेटा सांभाळत गाडीमागून धावायला लागले. मुलं हसता हसता खाली बसली. गाडीवान बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला थांबला तेव्हा आबाजी एकटेच दोरीला होते, आणि "पोट्टे गेले, माहे पोट्टे गेले" म्हणून बाजार डोक्यावर घेत होते.

तेवढ्यात वरून हाक आली. गोदीने आपली आणि भावांची गाठ केव्हाच सोडली होती. दोघांना हाताला धरून ती कापसाच्या ढिगावर चढली होती आणि तिथून सगळा बाजार बघत होती.

"बाबा, आमी अठी हाओत! आमी हारपलो नाई, तुमीच हारपले!"

सगळा बाजार हसला. आबाजी हसले नाहीत. घरी येताना मला हळूच म्हणाले, "पाहा पंतोजी, कसं होते थे. आनखी पक्कं करा लागते."

मी त्या दिवशी रागाने जेवलो नाही.

पण खरं सांगायचं तर त्या गाठोड्याचा राग येत असूनही मी ते ठेवून घेत होतो, ते गोदीसाठी. गाठोडं कोनाड्यात असलं की ती रोज शाळा सुटायच्या वेळी येई. कोनाड्याखाली उभी राही, हात मागे बांधून.

"पंतोजी, थे आज कोठवर गेलं असंन?"

पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. गाठोडं निघालं आहे, तर ते चालतही असणार. मी वैतागून म्हटलं, "बडनेऱ्यापर्यंत." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. मग मूर्तिजापूर झालं, अकोला झालं. अकोल्याला ती जरा थांबली. "थे माह्यं सासर. तठी नोका थांबवू त्याले." मी गाठोडं बाळापूरला नेलं. दहा दिवसांत खामगाव, मलकापूर, भुसावळ, पुढे आगगाडीने नाशिक, कसाऱ्याचा घाट आणि थेट बोरीबंदर. नकाशा उलगडून मी तिला वाट दाखवली. मुलींना शाळेत पाठवायची रीत नव्हती, पण ही वाट तिला माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा पाठ होती. आणि अकराव्या दिवशी आबाजी येऊन ते गाठोडं परत घेऊन जात तेव्हा ती दाराआड उभी राहून बघे. रडत नसे. एकदा नुसती म्हणाली, "बोरीबंदरावून वापस आलं." त्या वेळी आबाजींना धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं.

अशी तीन वर्षं गेली. गोदी बारा सरून तेराव्यात आली आणि शहाणी झाली. अकोल्याहून व्याह्यांचा निरोप आला: माघात सून नांदायला पाठवा. त्याच साली अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली, कापूस गडगडला, गल्लीतली झुंबरं एकेक करून खाली उतरली. मला वाटलं, आता आबाजी मुंबईचं नाव काढणार नाहीत. पण दसरा झाल्यावर ते आले. अंघोळ केलेली, कपाळाला गंध, हातांत पिवळं गाठोडं.

मी दार अडवून उभा राहिलो. "आबाजी, खरं सांगा. जाणार आहात की नाही? नसाल तर हे माझ्या घरात येणार नाही. त्या पोरीला तुम्ही किती वेळा बोरीबंदरावरून परत आणणार?"

ते नेहमीसारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते.

"पंतोजी, मले काय समजत नाई का? एकडाव सासरी गेली की पोरगी मांगून आना लागते. आठ दिवस दिले त दिले, नाई त नाई. मंग कोन देते तिले मुंबईले जाऊ? पन मी घेऊन गेलो अन् तठी काई झालं, त माह्या हातून झालं असं होईन ना. म्हनून पक्कं करून राहिलो."

मी दार सोडलं. गाठोडं कोनाड्यात बसलं.

आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवशी पहाटे ते खरंच निघाले. गल्ली अरुंद, म्हणून गाडी तोंडाशी उभी. पाटलीणबाई बसल्या, दोन बाजा बांधल्या, पाण्याच्या घागरी ठेवल्या, मुलं चढली. आबाजी माझ्या दाराकडे यायला निघाले. मला भीती वाटली की हा माणूस उंबऱ्यावर थांबेल, काही तरी आठवेल, कोणी तरी शिंकेल आणि बैल सोडले जातील. मी धावत पुढे झालो, त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि म्हटलं, "चला, चला, उजाडलं! आता मागे बघू नका!" अक्षरशः ढकलत गाडीपर्यंत नेलं. गोदी मागे पाय सोडून बसली होती. तिने मला हात केला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यात उभा होतो, आणि चार वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी बायको कोनाड्यासमोर उभी राहून ओरडली. "अहो! गाठोडं!"

पिवळं गाठोडं जागच्या जागी होतं. ज्याने ते स्वतःच्या हाताने उचलायचं, त्याला मीच दारातून परतवलं होतं.

बायको म्हणाली, घोड्यावर माणूस पाठवा, बडनेऱ्याच्या पुढे गाठेल. पाठवता आला असता. मी नाही पाठवला. म्हटलं, मूठभर तांदळावाचून मुंबई पळून जात नाही. इतक्या तयारीत हे त्यांच्या लक्षातही येणार नाही. शिकलेला माणूस होतो मी, आणि मनातून त्या गाठोड्याचा सूडही घ्यायचा होता. जन्मात एवढी एकच गोष्ट मी अशी केली की जिच्याबद्दल रागवायला दुसरं कोणी सापडत नाही.

ते निघाल्यापासून आठव्या दिवशी, मुहूर्ताचे दहा दिवस सरायच्या आत, आबाजी माझ्या दारात. एकटे. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. भाड्याचं तट्टू घामाघूम.

"गाठोडं," ते म्हणाले.

अकोल्याला पोचल्यावर सामान उतरवताना लक्षात आलं. प्रस्थान मागे राहिलं म्हणजे आपण निघालोच नाही. न निघालेला माणूस लेकरं घेऊन मुंबईला कसा जाणार? बायको-मुलांना व्याह्यांच्या घरी ठेवून ते उलट फिरले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी उजवं पाऊल आत टाकलं, मुकाट्याने गाठोडं उचललं आणि बाहेर पडले. माझ्यावर एका शब्दाने रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढची हकिगत त्यांच्याच तोंडून कळली. ते परत अकोल्याला पोचले तेव्हा व्याह्यांच्या दाराला तोरण होतं. गोदीच्या सासूने जोशी बोलावून दिवस काढला होता. घरची लक्ष्मी आपल्या पायाने घरात आली, ती आता पाठ फिरवून बाहेर कशी जाईल? माघापर्यंत थांबायचं काय कारण? गोदीला हिरवं लुगडं नेसवलं होतं आणि ती चुलीपुढे बसली होती. आबाजी मुलीचे बाप. हातात गाठोडं धरून ते व्याह्यांच्या ओसरीवर बसले, पानसुपारी घेतली आणि उठले.

अमरावतीला गाडी परत आली तेव्हा मागच्या बाजूला पाय सोडून कोणी बसलेलं नव्हतं. मी म्हटलं, महादू आणि नामाला तरी घेऊन जा. आबाजी म्हणाले, "गोदीबिगर कायची मुंबई?" पिवळं गाठोडं त्यांनी स्वतःच माझ्या कोनाड्यात ठेवलं आणि ते परत न्यायला आले नाहीत. दहा दिवस गेले, वर्ष गेलं. पुस्तकं कणगीवरच राहिली. त्याला हात लावायचा मला धीर झाला नाही.

त्यानंतर आबाजी बाजारात चौकशी करायला बसले नाहीत. बोलणंही कमी झालं. वर्षातून एकदा ते अकोल्याला जाऊन मुलीला आठ दिवस माहेरी आणत. गोदी आली की आमच्याकडे यायची, माझ्या बायकोशी बोलायची. कोनाड्याकडे तिने कधी बघितलं नाही, आणि ते कोठवर गेलं असंही विचारलं नाही. मग तिला मुलगी झाली. मग आगगाडी अकोल्याला आणि तिथून पुढे आमच्या शेजारच्या बडनेऱ्याला आली. चार दिवसांची वाट दुपारच्या डुलकीएवढी झाली. मुंबई तर दोन दिवसांवर आली. आबाजींच्या कानावर हे घालायला मला लाज वाटे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या स्टेशनावर. तिथल्या शाळेची परीक्षा घेऊन मी अमरावतीला परत निघालो होतो. बडनेऱ्याकडची गाडी यायला अवकाश होता. मुंबईकडे जाणारी धूर सोडत उभी होती. आणि त्या गर्दीत आबाजी! मिशा पार पांढऱ्या, पाठ आणखी वाकलेली. बरोबर गोदी, कडेवर दीड-दोन वर्षांची पोर.

"मुळाला आला होतात वाटतं, लेकीला माहेरी न्यायला?" मी म्हटलं. "पण अजून वेळ आहे. बडनेऱ्याची गाडी पलीकडून लागेल. ही मुंबईची आहे."

आबाजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "मालूम हाये."

मला कळायला वेळ लागला. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. घागर नाही, बाज नाही, यादी नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी.

"आठ दिवस देले त्याईनं माहेरचे," आबाजी म्हणाले. "जायाले दोन, याले दोन. मधात चार दिवस राह्यतेत."

"आबाजी, आज अमावास्या आहे!"

"असंन."

"उतरणार कुठे? पक्कं केलंत का काही?"

"पक्कं काईच नाई, पंतोजी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापत होता. भीतीने कापत होता, ते मला स्पष्ट दिसत होतं.

"आणि गाठोडं?"

"तुमच्याच कोनाड्यात हाये ना? थे कवाचंच निंगालं. आमीच मांगं रायलो."

घंटा झाली. माणसं डब्यांकडे धावली. आबाजी एकदम बावरले, एक पाऊल पुढे, एक मागे, आणि भलत्याच बाजूला वळले. गोदीने पोरीला एका कडेवर सरकवलं आणि मोकळ्या हाताने बापाचं मनगट घट्ट धरलं. "बाबा, इकडं. माह्या मांगं मांगं या." गर्दीतून वाट काढत तिने त्यांना डब्यापर्यंत नेलं, आधी चढवलं, मग स्वतः चढली. खिडकीत आबाजींचा चेहरा दिसला. ते माझ्याकडे बघत नव्हते. गोदी लेकीला काही तरी सांगत होती आणि आबाजी तोंड जरा उघडं टाकून ऐकत होते. गाडी हलता हलता मला एवढंच ऐकू आलं, "...मलकापूर, मंग भुसावळ, मंग..."

गाडी गेली. मी तसाच उभा होतो, तेवढ्यात व्याह्यांचा गडी धापा टाकत आला; निरोप घेऊन तो आमच्या गल्लीत येऊन गेलेला, मला ओळखत होता. हातात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं.

"पंतोजी, पाटील गेले का? शिदोरी घरीच इसरले थे."

"गेले."

"बडनेऱ्याले?"

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर छड्या मारल्या. त्या गड्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं, "हो तर. बडनेऱ्याले. माझ्या देखत बसले." त्याने गाठोडं माझ्या हाती दिलं, अमरावतीला पोचतं करा म्हणाला आणि निघून गेला.

म्हणजे पुन्हा त्या माणसाचं गाठोडं माझ्याच हातात! मला इतका संताप आला की मी तिथेच बाकावर बसलो आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मग फडकं सोडलं. आत दशम्या होत्या, लसणाची चटणी होती. दशम्या दुधात मळलेल्या, आणि दुधातलं परक्या घरचंही चालतं, तेव्हा सोवळ्या-ओवळ्याचं मी मनाशी जमवून घेतलं आणि बडनेरा येईपर्यंत एकेक करून सगळ्या खाल्ल्या. ते गाठोडं परत न्यायला या वेळी कोणी येणार नव्हतं.